मॉनिकाचा बुधवारचा नोव्हेना

मॉनिका पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिच्याशी इंग्रजीत बोलले. हे आधीच कबूल करून टाकते, कारण ती अजून चारचौघांत मला त्यावरून छळते. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात क्रूस, हातात जड कापडी पिशवी. पार्ल्यात जन्म काढलेल्या बाईचं डोकं जसं चालतं तसं माझं चाललं. ख्रिस्ती बाई म्हणजे इंग्रजी. मी ठेवणीतलं इंग्रजी बाहेर काढून तिला विचारलं, आपण इथे शिकवायला आला आहात का?

तिने चपला काढल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाय, पयले पानी दे. इंग्लिस मंग."

आमच्या दारावर पाटी आहे, ‘व्यावसायिक इंग्रजी व संवादकौशल्य. श्यामकांत रेगे.’ हे माझे यजमान. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं, आलेल्या पत्रांना इंग्रजीतून उत्तरं लिहिण्याचं. निवृत्तीनंतर सहा महिने ते वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने काढत बसले. वर्तमानपत्र संपल्यावर ते माझ्या वाणसामानाच्या यादीकडे वळले, तेव्हा मीच म्हटलं, क्लास काढा. मुलं यायची, पण दोन आठवड्यांत पांगायची. त्यांना हवं होतं फोनवर फाडफाड बोलायला आणि हे शिकवायचे पत्राचा मायना. मॉनिका आली त्या बुधवारी वर्गात सहा खुर्च्या होत्या आणि एकही विद्यार्थी नव्हता.

पाणी पिऊन झाल्यावर ती त्यांच्यासमोर बसली. "मास्तर, मना फक्त एक गोष्ट शिकवा. इंग्लिसमंदी नाय म्हणायला."

"नो," श्यामकांत म्हणाले.

"ते मना येते. ते म्हटल्यावर समोरचा गप बसाया हवा. तो नाय बसत."

मी चहा टाकायचा सोडून दाराशीच उभी राहिले.

मॉनिकाचं माहेर उत्तन, सासर गोराई. बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की तिचं गाव. शिक्षण गावच्या मराठी शाळेत, सातवीपर्यंत. नवरा फिलिप भाजीची वाडी करतो आणि कुणाशीच फारसा बोलत नाही, त्यामुळे त्याचं कुठल्याच भाषेवाचून अडत नाही. मॉनिकाचं अडायचं. बँकेत, दवाखान्यात, मोठ्या दुकानात सगळे तिचं नाव आणि तिचा फ्रॉक बघून धडाधड इंग्रजी सुरू करायचे. मला इंग्रजी येत नाही, हे सांगायची तिला लाज वाटायची. मग ती गोड हसायची आणि "यस, यस, गॉड ब्लेस" म्हणून सुटका करून घ्यायची. या यसपायी एकदा तिच्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. दुसऱ्यांदा ती बोरिवलीच्या कुठल्याशा हास्यमंडळाची आजीव सभासद झाली. हे सांगताना ती स्वतःच इतकी हसली, की ते सभासदत्व वाया गेलं असं मला वाटेना.

पण तिसऱ्या यसने तिची झोप उडाली होती.

मॉनिकाच्या घरचा बाटली मसाला अख्ख्या गोराईत नावाजलेला. त्यात सत्तावीस जिन्नस पडतात. एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या वाळवायच्या, एकेक जिन्नस मातीच्या खापरात भाजायचा, गावच्या बारा बायकांनी मिळून लाकडी उखळात कुटायचा आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा. जिन्नसांची नावं सगळ्या गावाला ठाऊक. पण कशाचं माप किती आणि कोणता जिन्नस किती भाजायचा, हे ज्या घरचं त्या घराला. घरातसुद्धा ते कुणी मागितलं म्हणून मिळत नाही. मॉनिकाच्या सासूचा, रेजिनामायचा नियम होता, सात उन्हाळे ओळीने मुसळ मारेल तिलाच मापं सांगायची, मग ती सून असो की लेक. मॉनिकाने लग्नानंतर सात उन्हाळे मारलं आणि आठव्या वर्षी रेजिनामायने तिला दाराला कडी लावून सगळं सांगितलं. कागदाचा कपटासुद्धा मध्ये नव्हता.

मॉनिकाची मुलगी शॅरन अंधेरीच्या एका ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिचं इंग्रजी तुपासारखं. तिनेच कुठल्याशा खाद्यपदार्थांच्या कंपनीशी बोलणं लावलं. आईचा मसाला आता मोठमोठ्या दुकानांत दिसणार, म्हणून ती हरखून गेली होती. पहिल्या बैठकीला ती आईला घेऊन गेली आणि लिफ्टमध्ये म्हणाली, "मम्मी, तू टेन्शन घेऊ नकोस. तू फक्त बस, मी बोलते." मॉनिका बसली. तासभर शॅरन आणि तो कंपनीवाला बोलत होते. मध्ये दोनदा दोघांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती हसून "यस, यस" म्हणाली.

घरी आल्यावर कळलं, की पहिला यस मापं ग्रॅममध्ये लिहून द्यायला होता आणि दुसरा कंपनीच्या कारखान्यात यंत्रावर मसाला दळायला. सही ईस्टरनंतरच्या बैठकीत व्हायची होती. मॉनिका मुलीला म्हणाली, मना हे नको. मुलगी म्हणाली, मम्मी, बिझनेस असाच असतो, तुला नाही कळायचं.

"बारा बायका हायत माज्या उखळावर," मॉनिका श्यामकांतना म्हणाली. "आन रेजिनामायला मी वचन दिलंय. आता माज्याच तोंडानं मना यस मागं घेयाचाय. किती दिवस लागतील?"

श्यामकांतनी चष्मा पुसला. चष्मा पुसायला लागले की समजावं, स्वारी खुशीत आहे. "बाई, धंद्याच्या इंग्रजीत नो हा शब्दच नसतो. चौतीस वर्षांत मी तो एकदाही लिहिला नाही. आणि चौतीस वर्षांत माझ्याकडून कुणाला काही मिळालंही नाही."

मग त्यांनी तिला आपल्या तीन मात्रा सांगितल्या. मराठीत सांगायच्या तर अशा. पहिली: आपल्या मौलिक सूचनेची आम्ही आदरपूर्वक नोंद घेतली आहे. दुसरी: सदर विषय सहानुभूतीपूर्वक विचाराधीन आहे. तिसरी: यथावकाश आपणांस कळवण्यात येईल. समोरचा कितीही चिवट असला तरी तिसऱ्या मात्रेला आडवा होतो. चौथी बनवायची वेळच आली नाही, हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता.

"म्हंजे लबाडीच की," मॉनिका म्हणाली.

"लबाडी नव्हे. पत्रव्यवहार."

असा तिचा क्लास सुरू झाला. आता प्रश्न घरी काय सांगायचं हा होता. शॅरनला कळू द्यायचं नव्हतं. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये मावलीचा, म्हणजे मेरीमातेचा, नोव्हेना असतो, दर आठवड्याची प्रार्थना, म्हणून मॉनिकाने जाहीर करून टाकलं, की ती दर बुधवारी नोव्हेनाला जाणार. थाप पचावी म्हणून ती आधी खरंच माहीमला जाऊन मेणबत्ती लावायची, खोटं बोलल्याबद्दल मावलीची माफी मागायची आणि मग पार्ल्याला येऊन इंग्रजीच्या वहीत डोकं घालायची. तिच्या भक्तीचा गोराईत बोलबाला झाला. ईस्टरआधीचा उपासकाळ लागला तेव्हा बायकांनी तिला रोजरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, गटाची मुख्य केलं. "आता मना खरंच देवाधर्माचं करावं लागते," ती कुरकुरत म्हणाली. "तुज्या नवऱ्यापायी मी संत होनार."

व्याकरणाचं आणि तिचं काही जमलं नाही. काळ शिकवताना श्यामकांत घायकुतीला यायचे. काल झालेली गोष्ट आणि उद्या होणारी गोष्ट ती एकाच क्रियापदात उरकायची. पण तीन मात्रा तिने वाडीतल्या वांग्यांना ऐकवून ऐकवून पाठ केल्या. एकदा फिलिपने जेवण कधी, असं विचारलं तेव्हा तिने त्याला दुसरी मात्रा दिली. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने लागोपाठ दुसरा प्रश्न विचारला, असं ती सांगते.

माझ्यावरही एकदा प्रयोग झाला. आम्ही मासे खाणारी माणसं. ती पिशवीतून मसाल्याची बाटली घेऊन यायची आणि तो मसाला घातलेलं बांगड्याचं कालवण खाल्ल्यावर मला माझ्या स्वतःच्या मसाल्याची लाज वाटू लागली. एक दिवस श्यामकांत आंघोळीला गेलेले बघून मी तिच्याजवळ सरकले. "मॉनिका, अगं, आपल्या दोघींतच राहील. धणे किती, मिरची किती, एवढंच सांग ना."

ती माझ्याकडे बघून मनापासून हसली आणि पहिली मात्रा दिली. मी म्हटलं, अगं, मी कुणाला सांगते थोडीच? तिने दुसरी दिली. मला राग आला. मी म्हटलं, माझ्या घरी चहा पितेस आणि माझ्यावरच शिरजोरी करतेस? तिने तिसरी दिली, वर माझा हात हातात घेऊन थोपटला. न्हाणीघरातून श्यामकांत ओरडले, "शाबास!" मेले कान लावून बसले होते.

ईस्टर झाला. बैठकीचा दिवस ठरला. श्यामकांतनी कोट इस्त्रीला टाकला तेव्हा मॉनिका म्हणाली, "मास्तर, तुमी नाय यायचं. तुमी आले तर तुमीच बोलाल." त्यांचा चेहरा पडला, पण ते खरं होतं. मग ती माझ्याकडे वळली. "मृणालबाय, तुला गप बसता येते काय?" श्यामकांत छताकडे बघत होते. मी त्या दिवशी त्यांना मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला आणि मॉनिकाला सांगितलं, येते.

अंधेरीच्या त्या काचेच्या इमारतीत शॅरन खालीच उभी होती. माझं ठसठशीत कुंकू बघून तिने विचारलं, "मम्मी, या आंटी कोण?"

"नोव्हेनातली मैत्रीन," मॉनिका शांतपणे म्हणाली. शॅरनला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने मला वाकून नमस्कार केला. मुलगी गुणी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

कंपनीचा माणूस हर्षद नावाचा, पस्तिशीचा, बाह्या दुमडलेला. तो भराभर इंग्रजीत बोलत होता, तेही फक्त शॅरनशी. मॉनिकाकडे त्याने एकदाच पाहिलं, थंड पाणी चालेल का विचारायला. मग त्याने कागद पुढे सरकवला. सत्तावीस ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे ग्रॅमची रिकामी चौकट. मापं द्या, भाजायच्या वेळा द्या, इथे सही करा. शॅरनने पेन उचललं.

मॉनिकाने मुलीच्या हातावर हात ठेवला. "एक्सक्यूज मी," ती म्हणाली आणि सरळ बसून इंग्रजीत पहिली मात्रा सोडली, एकही अक्षर न अडखळता.

शॅरनच्या हातातलं पेन खाली पडलं. हर्षद आधी गोंधळला, मग पहिल्यांदाच खुर्ची मॉनिकाकडे वळवून म्हणाला, मॅडम, पण मापं लागतीलच. तिने दुसरी सोडली. तो घाम पुसत म्हणाला, पण मॅडम, मागच्या वेळी तुम्ही यस म्हणाला होतात.

यावर तिसरी मात्रा यायची होती. ती आली नाही. मॉनिकाचे ओठ हलले आणि थांबले. ती विसरली, हे माझ्या लक्षात आलं. तीन महिने मी ती मात्रा स्वयंपाकघरातून ऐकली होती, माझ्या जिभेच्या टोकावर होती. मी दोन्ही हातांनी पर्स दाबून धरली. मी आयुष्यात इतकी गप कधी बसले नाही आणि पुन्हा बसणारही नाही.

मग मॉनिका बोलली, स्वतःचं. इंग्रजीतच, पण क्रियापदं कुठच्या कुठे. तिच्या बोलण्याचा अर्थ असा होता: मिस्टर हर्षद, यस मी म्हटलं कारण मला तुमचं कळत नव्हतं आणि कळत नाही म्हणायची लाज वाटत होती. आता लाज वाटत नाही. बारा बायका, एक उखळ. तुम्ही मे महिन्यात गोराईला या. एक दिवस मुसळ मारा, डोळ्यांतून पाणी येऊ दे. मग मापं विचारा. बाटल्या हव्या तेवढ्या घ्या. जिन्नसांची नावं छापा, सत्तावीसच्या सत्तावीस. पण कुटणार आम्ही. आणि मापं माझ्या घरची आहेत.

हर्षदने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिचा चेहरा उजळला. तिला आठवली होती. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवून तिसरी मात्रा अशी काही खणखणीत दिली, की काचेपलीकडचे दोघे-चौघे वळून बघायला लागले.

हर्षद खो खो हसत सुटला आणि मराठीवर आला. "काकू, कुठे शिकलात हे? माझे आजोबा सरकारी कचेरीत होते. ते घरातसुद्धा अस्संच बोलायचे. त्यांच्यापुढे कधी कुणाचं चाललं नाही." मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "आणि या?"

"माय करस्पॉन्डन्स डिपार्टमेंट," मॉनिका म्हणाली.

तो आत जाऊन वरिष्ठांशी बोलून आला. सुरुवातीला फक्त पाच दुकानं, पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत. कुटायचं गोराईतच, भरायचं तपकिरी बाटल्यांतच. त्या कागदावरच्या रिकाम्या चौकटी त्याने आमच्यासमोर उभ्या रेघेने खोडल्या.

इमारतीबाहेर आल्यावर शॅरन फुटली. "मम्मी, म्हणजे तू दर बुधवारी... मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत होते, माय मदर इज सो डिव्होटेड!"

"मेनबत्ती लावत होते की. दर बुधवारी."

"पण मला का नाही सांगितलंस? मी शिकवलं असतं ना तुला!"

मॉनिका रस्त्याच्या कडेला थांबली. "तू शिकवलं नसतंस, बाय. तूच बोलली असतीस."

शॅरनचे डोळे भरून आले, तशी मॉनिका घाईघाईने म्हणाली, "तुजी चूक नाय. मीच तुला इंग्लिस शाळेत घातली. सगळे उखळावर आसायचे आन तुला मी सुट्टीत बोरिवलीला टुशनला धाडायची. माजी पोर बोलली पायजे, असं मनाच वाटायचं." मग तिने फ्रॉकच्या खिशातला रुमाल आधी मुलीला दिला आणि उरलेला मला. मीही रडत होते, हे मला तोवर कळलं नव्हतं.

त्या मे महिन्यात मी गोराईला गेले. अंगणात मिरचीचा खकाणा उडाला होता. बाराजणींच्या जोडीला तेरावी शॅरन होती. तिने ऑफिसातून रजा काढली होती, तोंडाला ओढणी बांधली होती आणि तळहातावर दोन फोड आले होते. मुसळ उखळात कमी आणि उखळाच्या काठावर जास्त पडत होतं. बायका तिची मनसोक्त टर उडवत होत्या.

दुपारी जरा विसावा घेताना तिने लाडात येऊन आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "मम्मी, आता तरी सांग ना. मेथी किती घालतेस?"

मॉनिकाने पदराने घाम पुसावा तसा फ्रॉकच्या बाहीने घाम पुसला, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि आपल्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलीला अस्खलित इंग्रजीत सांगितलं, की यथावकाश आपणांस कळवण्यात येईल.

शॅरन आ वासून बघत राहिली. बायकांना इंग्रजी कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्या लोटपोट हसल्या. तिने फोडांवर फुंकर घातली आणि पुन्हा मुसळ उचललं.

ती पाठमोरी झाल्यावर मॉनिका माझ्या कानाशी आली. "हा पयला उन्हाळा," ती हळूच म्हणाली. "सहा ऱ्हायले."